डोंगरातल्या तळ्यात वॉलआय सोडावा का?

कोलोरॅडोतल्या ग्रँड काउंटीत राहणाऱ्या, मूळच्या साताऱ्याच्या एका गृहस्थांनी विचारलं आहे: आमच्या वसाहतीच्या सामाईक तळ्यात वॉलआय, म्हणजे गोड्या पाण्यातले मासेखाऊ मासे, सोडायचे आहेत. तळं समुद्रसपाटीपासून २,६५० मीटरवर, १४ हेक्टरचं, बांधापाशी ९ मीटर खोल. ट्राउट रोडावलेत आणि सकर माशांचा सुळसुळाट झालाय. वॉलआय गळाला लागला की मजा येते, ताटात तर त्याहून चांगला लागतो, शिवाय सकर खाऊन तळं साफ करील, असं आम्हाला सांगितलं गेलंय. किती बोटुकली (बोटभर पिल्लं) लागेल आणि कुठल्या महिन्यात सोडावी?

एकही सोडू नका. तुमच्या मनात बेत पक्का झालाय हे प्रश्नावरून कळतंय, म्हणून आधीच स्पष्ट सांगते. रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातून बाहेर पडले, इकडे आले, आणि गेली सव्वीस वर्षं रॉकी पर्वताच्या दोन्ही उतारांवर तळ्यांचंच काम करते आहे. यातली बरीच वर्षं वॉलआयच्या बोटुकलीचे टँकर तळ्यांवर रिकामे करण्यात गेली. मासा मला मनापासून आवडतो. तुमच्या तळ्यासाठी मात्र तो नाही.

तुम्ही क्षेत्र दिलंत, खोली दिलीत, उंची दिलीत. सांडव्यावरून निघालेलं पाणी पुढे कुठे जातं ते मात्र लिहिलं नाहीत, आणि मी कुणालाही पहिला प्रश्न तोच विचारते. ग्रँड काउंटी खंडविभाजक रांगेच्या, म्हणजे पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे वाहणारं पाणी वेगळं करणाऱ्या डोंगररांगेच्या, पश्चिमेला आहे. तिथला ओहोळ ओढ्याला मिळतो, ओढा कोलोरॅडो नदीला. त्या नदीत चार मासे असे आहेत जे जगात दुसऱ्या कुठल्याही खोऱ्यात सापडत नाहीत: कोलोरॅडो पाइकमिनो, रेझरबॅक सकर, हंपबॅक चब आणि बोनीटेल. पाइकमिनो एके काळी सहा फुटांपर्यंत वाढायचा. धरणांनी त्यांचं पाणी बदललं आणि बाहेरून आणलेल्या भक्षक माशांनी त्यांची पिल्लं खाल्ली. १९८८ पासून त्यांना वाचवण्याची मोहीम चालू आहे, आणि त्या मोहिमेची माणसं ज्या माशांना नदीतून शोधून शोधून काढतात त्यांत पाइक, स्मॉलमाउथ बास आणि वॉलआय हे तिघे सगळ्यात वर आहेत.

वॉलआय तळ्यात सोडला म्हणजे तळ्यातच राहील, हा समज चुकीचा आहे. मे-जूनमध्ये बर्फ वितळून लोंढा येतो, सांडवा भरून वाहतो, तेव्हा मासे पाण्याबरोबर खाली उतरतात. एवढ्यासाठी पश्चिम कोलोरॅडोत हायलाइन तळ्यातून पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी १९९९ मध्ये आणि एल्कहेड जलाशयाच्या सांडव्याशी २०१६ मध्ये जाळी बसवावी लागली. सरकारी जलाशयांना ही कसरत करावी लागते, तर वसाहतीच्या बांधावर ती कोण करणार? जाळीत काडीकचरा अडकला की बांध धोक्यात, काढली की मासे मोकळे. पश्चिम उतारावर वॉलआय सोडायला राज्याच्या वन्यजीव खात्याची परवानगी मिळणार नाही असंच धरून चाला. परवानगीशिवाय जिवंत मासे आणून सोडणं हा इथे गुन्हा आहे.

समजा, सांडवा नाही आणि कायद्याचीही अडचण नाही. तरी प्रश्न थंडीचा उरतो. वॉलआय पर्च या गोड्या पाण्यातल्या माशाच्या कुळातला. त्याला वाढायला २० ते २३ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. १५ अंशांच्या खाली तो जगतो, शिकार करतो, पण अंगाला फारसं लागत नाही. तुमच्या उंचीवर वरच्या थराचं पाणी जुलै-ऑगस्टमध्ये चार-पाच आठवडे १६-१७ अंशांना टेकलं तरी पुष्कळ. नोव्हेंबर ते मे तळं बर्फाखाली. मिनेसोटात हा राज्यमासा आहे, तिथेही हिवाळा कडक असतो हे खरं. पण तिथली तळी उन्हाळ्यात चांगली तापतात, सुपीक असतात, त्यांत पर्च आणि बारीक मासळी खच्चून भरलेली असते. ग्रॅनाइटवरून वितळून आलेल्या बर्फाच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, कमी, म्हणून बारीक मासळी कमी.

प्राणवायूचंही गणित आहे. २,६५० मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम ७२ टक्के. १० अंशांच्या पाण्यात समुद्रसपाटीला लिटरमागे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तुमच्याकडे ८ च्या आसपास. उन्हाळ्यात हे चालून जातं. पण बर्फाचं झाकण पडलं, वर हिम साचून उजेड बंद झाला, तळाशी पाला कुजायला लागला की फेब्रुवारी-मार्चमध्ये याच शिलकीवर सगळ्यांना श्वास घ्यायचा असतो.

कुणीतरी तुम्हाला स्टेजकोच जलाशयाचं उदाहरण देईल. कोलोरॅडोचा विक्रमी वॉलआय तिथेच सापडला, १९९७ मध्ये, १८ पौंड १३ औंसांचा, म्हणजे साडेआठ किलोंचा. स्टेजकोचही डोंगरातच आहे ना? आहे, पण तुमच्यापेक्षा साधारण साडेचारशे मीटर खाली, तीनशे हेक्टरांहून मोठा, आणि तिथे दरवर्षी सोडले जाणारे ट्राउट हे त्याचं आयतं खाद्य. माझ्या दृष्टीने त्या विक्रमातून एवढंच कळतं की ट्राउट भरपूर मिळाले तर वॉलआय किती माजतो.

थंड तळ्यात काय होतं ते मी हातात घेऊन पाहिलंय. तळं खाजगी, २,५०० मीटरच्या वरचं. कुठलं ते सांगत नाही. माझ्याआधीच्या कुणीतरी तिथे वॉलआय सोडले होते आणि मालकाची तक्रार होती की मासे लागतात पण मोठे होत नाहीत. सप्टेंबरात रात्रभर जाळं लावलं. पहाटे ओढलं तर तेवीस वॉलआय, सगळे वीत-दीड वीत लांबीचे. डोकं मोठं, पाठ चपटी, पोट आत ओढलेलं. उचलला की पाठीचा कणा बोटांना लागायचा. पोटं फाडली तर बहुतेकांत लाल अळ्या, दोघांत काहीच नाही, एकाच्या पोटात स्वतःच्याच जातीचं बोटभर पिल्लू. माशाच्या कानात खड्यासारखं एक हाड असतं. त्याचा पातळ काप भिंगाखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वर्षागणिक वलयं दिसतात. तेहेतीस सेंटिमीटरच्या मादीच्या हाडात मी नऊ वलयं मोजली. नऊ वर्षांची मादी दोन-अडीच किलोंची असायला हवी. हिला वजनकाट्यावर ठेवलं तर पाव किलोच्या थोडं वर. त्या तळ्यातले ट्राउट केव्हाच संपले होते.

उपासमार हा एक शेवट. दुसरा याच्या उलट, आणि जास्त वाईट. एखादं वर्ष उबदार निघालं, अंडी जगली, पिल्लांना वेळेवर प्लवंग मिळाले, तर एकाच मोसमात तळं हातचं जातं. हा मासा घरटं करत नाही, पिल्लांची राखण करत नाही. भिस्त सगळी संख्येवर. बर्फ फुटलं आणि पाणी ६ ते १० अंशांना आलं की रात्री काठाजवळच्या गोट्यांवर अंडी टाकून मोकळा होतो. मादीच्या किलोभर वजनामागे पन्नास हजारांच्या आसपास अंडी.

चेरी क्रीक, चॅटफील्ड आणि प्युब्लो या पूर्वेकडच्या जलाशयांत दर वसंतात जाळी लावून प्रजननासाठी वॉलआय धरतात. एकदा तरी हे काम जवळून पाहा. मार्च-एप्रिलची पहाट, वारा बोचरा, हातमोज्यांतूनही बोटं बधिर. मादीच्या पोटावरून अंगठा हलकेच मागे सरकवला की मोहरीएवढ्या, पिवळसर, किंचित पारदर्शक अंड्यांची धार पसरट भांड्यात पडते. त्यावर नराचं शुक्र, मग टर्की पक्ष्याच्या पिसाने ढवळायचं. पीसच, कारण चमच्याने अंडी दुखावतात. अंडी इतकी चिकट की लागलीच मातीचं गढूळ पाणी घालून ढवळत राहिलं नाही तर त्यांचा गोळा होतो आणि आतली गुदमरून मरतात. एका भांड्यात लाखोंनी जीव असतात. हे भांडं हातात धरलेल्या माणसाला तळ्यात ‘थोडे’ वॉलआय सोडतो म्हणणं पटत नाही.

मोंटानातल्या कॅन्यन फेरी जलाशयाचं बघा. चोरून सोडलेला वॉलआय तिथे १९८९ मध्ये पहिल्यांदा सापडला. काही वर्षं कुणाला विशेष काही जाणवलं नाही. नव्वदीच्या शेवटाला संख्या एकदम फुगली, पर्चचा जलाशय म्हणून जी ओळख होती ती गेली, आणि रेनबो ट्राउटची बारीक बोटुकली सोडणं बंद करून वॉलआयच्या तोंडात मावणार नाही एवढी मोठी, अर्थातच महाग, सोडावी लागली. मोंटानातच स्वान लेकमध्ये २०१५ साली दोन वॉलआय सापडले तेव्हा खात्याने त्यांच्या कानातल्या हाडाचं रसायन तपासलं, कारण मासा ज्या पाण्यात वाढतो त्या पाण्याची खूण त्यात उतरते. खूण निघाली डोंगरापलीकडच्या लेक हेलेनाची. कुणीतरी मासे जिवंत ठेवून गाडीतून तिथवर नेले होते.

आणि काढायचं म्हटलं तर? कॅलिफोर्नियातल्या लेक डेव्हिसमध्ये १९९४ मध्ये पाइक सापडला. १९९७ मध्ये अख्ख्या तळ्यात रोटेनोन हे विष घातलं. खालच्या पोर्टोला गावाचं ते पिण्याचं पाणी, त्यामुळे केवढा गदारोळ झाला. १९९९ मध्ये पाइक पुन्हा दिसला आणि २००७ मध्ये सगळं पहिल्यापासून करावं लागलं. तुमच्या वसाहतीच्या वर्गणीत हे बसणार नाही.

आपल्याकडे वाढलेल्या माणसाला हे जरा अतिरेकी वाटतं, मला माहीत आहे. गावतळ्यात दर पावसाळ्यात मत्स्यबीज सोडतात, त्यात एवढं काय? पण रोहू, कटला, मृगळ साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून तळ्यात तुम्ही सोडाल तेवढेच राहतात, काढले की संपतात. ती सोय त्या माशांच्या स्वभावात आहे. चिलापीत ती नाही, आणि उजनीच्या काठचा कुठलाही मच्छीमार तुम्हाला सांगेल की एकदा शिरलेली चिलापी कशी पसरते. परक्या पाण्यातला वॉलआय चिलापीच्या रांगेतला समजा, रोहूच्या नव्हे.

वांझ वॉलआय मिळतात, ते चालतील का, असं तुम्ही पुढे विचारालच. मिळतात खरे. अंडी फळल्यावर काही मिनिटांतच त्यांना पोलादी भांड्यात प्रचंड दाब देतात. त्यामुळे गुणसूत्रांचा जो संच बाहेर टाकला जायचा तो आतच राहतो, दोनाऐवजी तीन संच होतात आणि मासा वाढतो पण पिल्लं देत नाही. पद्धत चांगली आहे. युटातल्या रेड फ्लीट जलाशयात चोरून आलेले वॉलआय २०१५ मध्ये विष घालून संपवले आणि नंतर जे मासे सोडले त्यांत वांझ वॉलआय होते, कारण गळवाल्यांना तो मासा हवाच होता. योग्य जागी मीही हेच सुचवते. पण वांझ माशाला भूक कमी नसते. तो दहा-बारा वर्षं जगतो, आणि सांडव्यावरून खाली गेला तर तितकी वर्षं नदीतली पिल्लं खातो. शिवाय शंभर टक्के वांझपणाची हमी नसते. प्रत्येक खेपेतल्या काही माशांचं रक्त तपासावं लागतं. तुमच्या थंड पाण्यात तो वाढणारही नाही. एवढं सोसून हाती काय येणार?

आता तुमच्या सकरांबद्दल, कारण खरं दुखणं तिथे आहे. वर्णनावरून ते पांढरे सकर वाटतात. हा मासा खंडविभाजकाच्या पूर्वेकडचा. पश्चिम उतारावर तो मूळचा नाही. आला तो माणसाच्या हातून, पुष्कळदा गळाला लावायच्या जिवंत आमिषाच्या बादलीतून. संध्याकाळी उरलेलं आमिष तळ्यात ओतून कुणीतरी घरी गेलं, आणि आज तुम्ही मला हा प्रश्न विचारताय. खालच्या नद्यांत त्याचा तिथल्या मूळ सकरांशी संकरही होतोय. एका बादलीने केलेली चूक दुसऱ्या बादलीने पुसता येत नाही.

वॉलआय सकर खाईल हे अर्धंच खरं. त्याला लांबट, मऊ, तोंडात सहज मावणारं भक्ष्य लागतं. पंचवीस सेंटिमीटरच्या पुढे गेलेला सकर त्याच्या तावडीतून सुटतो, आणि अंडी घालणारे असतात ते हेच मोठे सकर. उलट टँकरमधून नुकताच उतरलेला, हौदात वाढलेला, भक्षक कधी न पाहिलेला पंधरा सेंटिमीटरचा ट्राउट त्याच्यासाठी वाढून ठेवलेलं ताट आहे. तो आधी तेच संपवील.

सकर कमी करायचे तर ते एकत्र येतात तेव्हा पकडा. बर्फ गेल्यावर, ओढ्याचं पाणी १० अंशांच्या आसपास आलं की तुमच्याकडे मेअखेर ते जूनमध्ये मोठे सकर तळ्याला मिळणाऱ्या ओढ्याच्या तोंडाशी झुंडीने जमतात. तिथे गोल कड्यांचं सापळा-जाळं लावा. खात्याची परवानगी त्यालाही लागते, पण ती मागताना तुम्ही त्यांच्याच बाजूचे असता. जाळं रोज सकाळी उपसायचं. ट्राउट जिवंत परत, सकर बाहेर. एका तळ्यावर आम्ही तीन जून ओळीने हे केलं. पहिल्या वर्षी जाळं दोघांना उचलेना, तिसऱ्या वर्षी एकट्याने बादलीत मावलं. सलग तीन-चार वर्षं न चुकता केलं तरच गुण येतो. एक वर्ष सोडलंत तर ती पिढी निसटते.

उरलेल्या बारीक सकरांसाठी टायगर ट्राउट मागा. तपकिरी ट्राउटची मादी आणि ब्रुक ट्राउटचा नर यांचा हा संकर, जन्मतः वांझ, थंड पाण्यात खूश, आणि मोठा झाला की मासे खाणारा. अंगावर वाघासारखी नागमोडी नक्षी, गळाला लागला तर दोरी तोडायला बघतो. युटातल्या स्कोफील्ड जलाशयात युटा चब या माशांनी (वर सांगितलेला हंपबॅक चब वेगळा) असाच उच्छाद मांडला होता. तिथे चबवर सोडलेल्यांत टायगर ट्राउट आणि कटथ्रोट ट्राउट दोन्ही होते. परवानगी यालाही घ्यावी लागेल, पण हा अर्ज निदान वाचला जाईल. सोबत कटथ्रोट हवाच, डोंगरातला मूळ ट्राउट तोच. कुठल्या वाणाचा सोडायचा ते खात्याला विचारा, कारण खोऱ्यागणिक वाण वेगळा. पंचवीस ते तीस सेंटिमीटरचे मासे घ्या. माझ्या अंदाजाने तुमच्या तळ्याला सगळे मिळून हेक्टरी शंभरच्या आसपास पुरेत, आणि पहिल्या वर्षी त्याच्या निम्मेच. विकणाऱ्याकडून रोगमुक्तीचा दाखला घेतल्याशिवाय एकही मासा गाडीतून उतरवू नका. सोडायच्या वेळी टँकरचं आणि तळ्याचं तापमान मोजा; फरक असेल तर अर्धा तास लागला तरी चालेल, थोडं थोडं तळ्याचं पाणी मिसळत राहा. टँकरवाला घाई करतो. करू द्या.

पण मासे विकत घेण्याआधी एक वर्ष मोजमापाला द्या. तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं स्वस्त मिळतात. बांधापाशी बोया टाकून दोरीला १, ४ आणि ८ मीटरवर तीन बांधा, आणि बर्फ फुटल्यापासून पुन्हा गोठेपर्यंत राहू द्या. फेब्रुवारीच्या शेवटी बर्फ पुरेसं जाड असल्याची खात्री करून भोक पाडा आणि दर मीटरला प्राणवायू मोजा. चार मीटरखाली लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या आत आलात तर तुमचे ट्राउट रोडावण्याचं कारण हिवाळ्यातली गुदमर असू शकतं. मग आधी हवा घालायच्या यंत्राचा विचार करावा लागेल, माशांचा नंतर. हे आकडे मला पाठवा, त्यावर मी संख्या बदलून देईन.

आणि वॉलआय खायचाच असेल, तर खुशाल खा. त्यात काटे कमी, मांस पांढरं आणि घट्ट, रव्यात घोळून तळला की मुडदुशीची आठवण येते. डोंगर उतरून चेरी क्रीकला किंवा चॅटफील्डला जा, परवाना आणि त्या जलाशयाची लांबीची मर्यादा आधी बघून घ्या. मे-जूनमध्ये, सूर्य बुडता बुडता, दगडी काठाजवळ गांडूळ लावलेला गळ तळालगत हळूहळू ओढा. दुपारी तासन् तास बसून काही लागणार नाही, कारण याच्या डोळ्यामागे गाईच्या डोळ्यासारखा चकाकणारा पडदा असतो आणि अंधुक उजेडात पर्चला दिसत नाही तेव्हा याला दिसतं. पहिला मासा काठाला आला की मुलांना जवळ बोलवा आणि टॉर्च त्याच्या डोळ्यावर धरा.